धसका घेतलेले बालपण

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठी पसरलेला परभणी जिल्हा काळ्या, कसदार जमिनीसाठी ओळखला जातो. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि शेतीच्या संदर्भात जिल्ह्याचे नाव राज्यभर घेतले जाऊ लागले. परंतु जमीन कसदार असली तरी पावसाचा भरवसा नाही, आणि ज्यांच्या वाट्याला जमीनच आलेली नाही अशी कुटुंबे थोडी नाहीत. दसरा-दिवाळी आटोपली की गंगाखेड, पालम, जिंतूर या तालुक्यांतील अनेक वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत एक ‘कोयता’, पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघते. मुलेही बरोबर जातात, नाहीतर आजी-आजोबांच्या हवाली होतात. पाच-सहा महिन्यांनी टोळ्या परततात. असे वर्षानुवर्षे चालते.

परतलेली मुले पुन्हा वर्गात येऊन बसतात, तेव्हा शिक्षकांना त्यांच्यात काही गोष्टी दिसतात. एखादा मुलगा दार आपटले तरी दचकतो. एखादी मुलगी फळ्याकडे पाहत असते, पण तिला काहीच ऐकू जात नसावे असे वाटते. कोणी क्षुल्लक कारणावरून मारामारीवर येतो, तर कोणाच्या पोटात रोज प्रार्थनेच्या वेळी दुखते. अशा मुलांसाठी शाळेत आणि घरी काही ठराविक विशेषणे तयार असतात : ढ, आगाऊ, घुमा, कोडगा. यांतील ‘कोडगा’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. फार मार खाल्ल्याने ज्याला माराचे काही वाटेनासे झाले तो कोडगा, असा त्याचा अर्थ आपण सहजपणे समजून घेतो. म्हणजे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे भाषेने केव्हाच सांगून ठेवले आहे. त्या परिणामाची जबाबदारी मात्र मुलाच्या स्वभावावर टाकली जाते. लहानपणी वारंवार बसलेल्या आघातांचा शरीरावर, मनावर आणि पुढील आयुष्यावर काय परिणाम होतो, याविषयी गेल्या चार-पाच दशकांत शास्त्राने बरीच माहिती मिळविली आहे. शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत यांच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे.

एकदाच बसलेला आघात आणि रोजचा आघात

परभणीला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यात आणि त्यापलीकडील उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे भूकंप झाला. किल्लारी व आसपासच्या गावांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि असंख्य मुलांनी आईवडील गमावले. आघात म्हटला की मराठवाड्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे हीच घटना येते. त्या मुलांचे दुःख अपार होते. तथापि त्या दुःखाला एक दिवस होता, एक नाव होते आणि संपूर्ण गाव त्यात सहभागी होते. मदतीला सारा देश धावला. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. आपल्यावर हे संकट का आले, असा प्रश्न त्या मुलांना पडला असेल, पण ‘हे माझ्यामुळे झाले’ असे मानण्याचे कारण त्यांना नव्हते.

दररोज रात्री दारू पिऊन येणाऱ्या वडिलांच्या चाहुलीने जागे होणाऱ्या मुलाची स्थिती याहून अगदी वेगळी असते. तेथे आघाताला तारीख नाही. तो उद्याही बसणार हे ठाऊक असते, फक्त केव्हा ते ठाऊक नसते. गावाला त्याची कुणकुण असते, परंतु तो ‘घरचा मामला’ ठरतो. मुख्य म्हणजे भीती वाटली की मूल ज्या माणसाकडे धाव घेते, भीती त्याच माणसाची असते. ही कोंडी लहान मुलाला सोडविता येत नाही. मग ते एकच उत्तर शोधते : मीच वाईट आहे, म्हणून हे घडते. वडील वाईट आहेत असे मानण्यापेक्षा स्वतःला वाईट मानणे त्या वयात सोपे जाते, कारण वडिलांवाचून जगता येत नाही.

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी १९९१ मध्ये हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला. १९७६ साली कॅलिफोर्नियातील चौचिला गावी शाळेच्या बसमधून पळवून नेऊन जमिनीखाली कोंडलेल्या २६ मुलांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला होता. एकाच भयंकर प्रसंगातून गेलेल्या मुलांना तो प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह आठवत राहतो. ज्यांच्यावर आघात वारंवार झाले त्या मुलांत मात्र बधिरपणा, नाकबुली, स्वतःच्या शरीरापासून तुटल्यासारखे वाटणे आणि अधूनमधून उसळणारा संताप ही लक्षणे प्रामुख्याने आढळतात, असे त्यांनी दाखविले. पुढे १९९२ मध्ये डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी दीर्घकाळ चाललेल्या छळातून उद्भवणाऱ्या विकाराला स्वतंत्र स्थान द्यावे असा आग्रह धरला. त्याला अधिकृत मान्यता मिळण्यास तीन दशके लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आणि तीत आघातोत्तर तणावाच्या ‘जटिल’ प्रकाराची नोंद झाली. भयाच्या नेहमीच्या लक्षणांखेरीज तीन गोष्टी त्यात येतात : भावनांवर ताबा न राहणे, आपण कवडीमोलाचे आहोत अशी पक्की समजूत आणि कोणाशीही जवळीक टिकविता न येणे.

शरीरात काय घडते

धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग इशारा देतो. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात, छाती धडधडू लागते, स्नायू ताठरतात आणि पचन मंदावते. साप दिसला असता हे उपकारकच असते. साप निघून गेला की काही वेळाने सारे पूर्ववत होते.

ज्या घरात साप रोजच असतो तेथे पूर्ववत होण्यास सवडच मिळत नाही. विहिरीचे पाणी आटल्यावरही मोटार चालूच राहिली तर ती जळते, त्यातलाच हा प्रकार होय. संकटाला तोंड देण्याची यंत्रणा अहोरात्र चालू राहिल्याने शरीराची जी झीज होते तिचे विवेचन ब्रूस मॅक्इवेन या शास्त्रज्ञाने केले आहे. बालवयात मेंदूची जडणघडण चालू असते, म्हणून तेथे ही झीज अधिक खोलवर पोचते. इशारा देणारा भाग अतिशय संवेदनशील बनतो. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस आणि विचारपूर्वक आवर घालणारा कपाळामागील भाग यांच्या वाढीवर परिणाम झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

याचा वर्गातील अर्थ असा की, सतत धोक्याच्या पवित्र्यात असलेल्या मुलाला पाढे पाठ होत नाहीत ते आळसामुळे नव्हे. त्याचे लक्ष अन्यत्र नसते. गुरुजींच्या पावलांच्या आवाजावर, हाताच्या हालचालीवर, आवाजातील चढउतारावर ते इतके खिळलेले असते की फळ्यावरील अक्षरांसाठी काही उरतच नाही.

वजनाच्या दवाखान्यातून निघालेला शोध

या परिणामांची व्याप्ती लक्षात आली ती काहीशी अनपेक्षित मार्गाने. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी हे अतिस्थूल व्यक्तींसाठी उपचारकेंद्र चालवीत होते. १९८० च्या दशकात त्यांच्या असे ध्यानात आले की, ज्यांचे वजन उत्तम रीतीने उतरत आहे असेच रुग्ण मध्येच उपचार सोडून जातात. त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर अनेकांनी लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची हकीकत सांगितली. काहींना स्थूलपणा हे संकट वाटत नव्हते, तर संरक्षण वाटत होते.

यातून डॉ. रॉबर्ट अँडा यांच्या सहकार्याने मोठी पाहणी झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात ९,५०८ प्रौढांची उत्तरे होती. शारीरिक, मानसिक व लैंगिक छळ, आईला होणारी मारहाण, घरातील व्यसन, घरातील मनोविकार किंवा आत्महत्येचा प्रयत्न आणि घरातील व्यक्तीचा तुरुंगवास अशा सात प्रकारांविषयी प्रश्न विचारले होते. निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एक प्रकार अनुभवला होता. चार किंवा अधिक प्रकार अनुभवलेल्यांत मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, खिन्नता व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसांचे व यकृताचे आजार यांच्याशीही आघातांच्या संख्येचे नाते दिसले. आघात जितके अधिक प्रकारचे, तितका धोका अधिक, असा हा चढता क्रम होता.

या आकड्यांचा उपयोग जपून करावयास हवा. ते समूहाबद्दल सांगतात, समोर बसलेल्या एका मुलाचे भविष्य सांगत नाहीत. शिवाय ही प्रश्नावली विमाधारक अमेरिकन माणसांसाठी तयार झालेली होती. दुष्काळ, स्थलांतर, जातीवरून होणारा पाणउतारा, बालविवाह यांचा तीत उल्लेख नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे तयार केलेल्या प्रश्नावलीत सवंगड्यांकडून व समाजात होणाऱ्या हिंसेचा समावेश झाला, तरी पाणवठ्यावर किंवा पंगतीत वारंवार झालेला अपमान मुलाच्या मनात काय करतो, हे मोजणारे माप अद्याप हाती आलेले नाही. ते नाही म्हणून तो घाव लहान ठरत नाही.

भारतापुरते पाहावयाचे तर केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र त्यांत होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ आणि ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ अनुभवल्याचे त्यात नमूद आहे. मुलींइतकेच मुलगेही या छळाला बळी पडतात, ही बाब अनेकांना तेव्हा धक्कादायक वाटली होती.

कोपी, वसतिगृह आणि लग्न

ऊसतोडीच्या फडावर पहाटेच कामाला जुंपावे लागते. गाडी भरण्याची पाळी रात्री-अपरात्रीही येते. दार नसलेल्या कोपीत तान्ह्या भावंडाला सांभाळणारी नऊ-दहा वर्षांची मुलगी दिवसभर एकटी असते. काम चुकले तर खाड्याचे पैसे कापले जातात, त्यामुळे आजारी मुलासाठी थांबणे आईला परवडत नाही. येथे कोणी क्रूर असेलच असे नाही. आईवडील मायाळू असतात, पण ते जवळ नसतात, आणि जवळ असतात तेव्हा थकव्याने त्यांच्यात काही उरलेले नसते. उपेक्षा हाही आघातच होय. तो हेतुपुरस्सर नसला तरी मुलाच्या मेंदूला तो भेद कळत नाही.

मुलांचे स्थलांतर थांबावे यासाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची व्यवस्था केली. मूल गावीच राहते, शाळा बुडत नाही, दोन वेळचे जेवण मिळते. ही योजना निःसंशय उपयुक्त आहे. तरीही सहा-सात वर्षांचे मूल दरवर्षी पाच-सहा महिने आईपासून दूर राहते, ही गोष्ट हजेरीपटावर दिसत नाही. वसतिगृहाचे मूल्यमापन करताना ताटे, सतरंज्या आणि पटसंख्या मोजली जाते. रात्री रडणाऱ्या मुलाजवळ कोण बसते, अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला सकाळी काय ऐकावे लागते, आठवड्यातून एकदा तरी आईशी फोनवर बोलणे होते की नाही, या प्रश्नांसाठी तपासणीच्या नमुन्यात रकाना असावयास काय हरकत आहे ?

मुलगी वयात आली की प्रश्न अधिक बिकट होतो. फडावर न्यावी तर तिच्या सुरक्षिततेची चिंता, गावी ठेवावी तरी तीच चिंता. यावर तोडगा म्हणून लग्न उरकले जाते. नवा जोडा झाला म्हणजे नवा कोयता आणि नवी उचल, हाही हिशेब त्यात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता त्यांचे प्रमाण परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आढळले. राज्याची सरासरी २१.९ टक्के होती. ज्या मुलीला संकटापासून वाचविण्यासाठी हे लग्न होते, तिच्यावर त्याच लग्नातून नव्या आघातांची मालिका सुरू होते : अपरिपक्व वयातील शरीरसंबंध, लवकर येणारे बाळंतपण, माहेरचा आधार तुटणे. तिच्या मांडीवरील मूल मग अशा आईकडून धीर मागते, जिला स्वतःला कोणी धीर दिलेला नसतो. आघात पिढ्यान्‌पिढ्या उतरतो असे जे म्हणतात, ते घडते ते या मार्गाने.

कर्जापायी वडिलांनी आत्महत्या केलेल्या घरांतील मुले हा मराठवाड्यातील आणखी एक मोठा गट होय. अशा घरांत आघात एका दिवसाचा दिसत असला तरी त्याआधीची अनेक वर्षे तगाद्याची, भांडणांची व अबोल्याची असतात आणि त्यानंतरची आईच्या हालअपेष्टांची. शेतकऱ्यांतील खिन्नता वेळीच ओळखावी म्हणून २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू करण्यात आला. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन चौकशी करावी अशी त्यातील कल्पना होती. अशी चौकशी जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा घरातील मुलांकडेही दोन मिनिटे पाहिले जावे. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये करण्यात आले.

गावात अशा मुलांची लक्षणे पुष्कळदा वेगळ्याच नावाने ओळखली जातात. मुलगी वारंवार बेशुद्ध पडते, एकटक पाहत राहते, वेगळ्याच आवाजात बोलते. म्हणून तिला बाहेरची बाधा झाली असे ठरते आणि देवऋषाकडे नेले जाते. तेथे मारहाण झाली तर एका आघाताच्या लक्षणांवर दुसऱ्या आघाताचा उपचार होतो. जे तोंडाने सांगता येत नाही ते शरीर सांगू लागते, एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

एक तरी भरवशाचा माणूस

हे चित्र निराशाजनक वाटेल. पण शास्त्राने दुसरी बाजूही तितक्याच काळजीपूर्वक तपासली आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वेर्नर व रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे व्यसन अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार व प्रेमळ प्रौढ बनली. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली. आजी, मावशी, शेजारी किंवा शिक्षक असा एक तरी माणूस त्यांच्या आयुष्यात टिकून राहिला होता.

रुमानियातील अनाथालयांत खाण्यापिण्याची सोय होती, पण मायेने उचलून घेणारे कोणी नव्हते. २००० साली बुखारेस्ट येथे सुरू झालेल्या प्रकल्पात अशा १३६ बालकांपैकी निम्म्यांना संगोपन करणाऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. ती मुले अनाथालयातच राहिलेल्यांपेक्षा बुद्धीने व भावनेने पुढे गेली. दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ज्यांना घर मिळाले, त्यांची प्रगती विशेष झाली. अंगणवाडीच्या वयाचे महत्त्व यावरून दिसून येते. परंतु उशीर झाला म्हणजे सर्व संपले असेही नाही. मोठ्या वयातही प्रशिक्षित समुपदेशकाच्या मदतीने माणसे सावरतात. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातावरील विशिष्ट मानसोपचारांची मुलांसाठी व प्रौढांसाठी शिफारस केली आहे. केवळ झोपेच्या गोळ्यांवर भागविणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा नाही. वर्गाचा रोजचा क्रम ठरलेला असणे, आवाज न चढविणे, ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला मागे पडल्याबद्दल सर्वांदेखत न बोलणे, याही मुलाच्या दृष्टीने मोठ्या गोष्टी आहेत. छडीने विद्या येते हा समज अजूनही काही ठिकाणी टिकून आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास यांना मनाई केली, त्याला २०१० पासूनचा काळ लोटला. घरी रोज मार खाणाऱ्या मुलाला शाळेतील एक छडीदेखील एवढेच शिकविते की, जग सगळीकडे सारखेच आहे.

गावात मिटविण्याची बाब नव्हे

मुलाने एखादी गोष्ट विश्वासाने सांगितली तर ती शांतपणे ऐकून घ्यावी. ‘तू आधी का बोलला नाहीस’ असे विचारू नये आणि पुन्हा पुन्हा तीच हकीकत वदवून घेऊ नये. कोणाला सांगणार नाही, असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा कलम २१ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. दोन्ही घरांना बोलावून, पाच-पन्नास हजारांवर तडजोड करून, गावची अब्रू वाचविल्याचे समाधान मानणाऱ्या पंचांनी हे कलम अवश्य वाचावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी आणि अधिकाऱ्याने गणवेशात नसताना घ्यावयाचा असतो. त्याची ओळख उघड करता येत नाही.

बालविवाहाच्या बाबतीत गावपातळीवर प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकांवर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर जबाबदारी आहे. ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्षपद सरपंचाकडे असते. शाळांत सखी सावित्री समित्या नेमण्याचे आदेश २०२२ मध्ये निघाले. समित्यांची संख्या कमी नाही. बैठकांचे इतिवृत्त लिहिले जाते आणि त्यात बहुधा ‘कोणतीही तक्रार नाही’ अशी नोंद असते. ज्या गावातून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे फडावर जातात तेथे ही नोंद समाधानाची मानावी की चिंतेची, हे सदस्यांनीच ठरवावे. टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बैठकीत, कोणती मुले कोणाजवळ राहणार, कोणत्या मुलींच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि वसतिगृह कोणत्या तारखेस उघडणार, एवढी यादी जरी तयार झाली तरी समितीला करण्याजोगे काम सापडेल.

संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता महिला व बालविकास विभागामार्फत चालविली जाते. त्यावर मूल स्वतः किंवा कोणीही नागरिक दूरध्वनी करू शकतो. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. दोन्ही ठिकाणी मराठीत बोलता येते आणि दूरध्वनीचा खर्च पडत नाही.